8 सेकंदं कुठे गेली? 1989 च्या टूरबद्दल विचारलंत म्हणून

प्रश्न असा आलाय: "जिल्ह्याच्या 24 किलोमीटर टाइम ट्रायलमध्ये 11 सेकंदांनी दुसरा आलो. क्लबमधले सगळे म्हणतात, 1989 ला फिन्यॉन हेल्मेट न घालता साध्या हँडलवर बसला म्हणून 8 सेकंदांनी टूर द फ्रान्स हरला, तेव्हा तू पण आधी एअरो बार आणि हेल्मेट घे. ही गोष्ट खरी आहे का? आणि पैसे घालू का?"

मी स्वतः रेस केल्यात आणि आता वीसेक वर्षं पोरांना टीटीसाठी (टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्यानं सुटून घड्याळाविरुद्ध मारायची रेस) तयार करतोय, त्यामुळे हा किस्सा मला दर सीझनला कुणी ना कुणी ऐकवतंच. तुम्ही विचारलेले प्रश्न दोन आहेत पण मुद्दा एकच आहे, माझे सेकंद नेमके गेले कुठे. क्लबवाल्यांनी तुम्हाला त्याचं तयार उत्तर देऊन टाकलंय. 1989 ची टूर यासाठी फार भारी उदाहरण आहे कारण त्या रेसचा हिशोब सेकंदाला सेकंद लागतो, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा. ती वहीच आधी उघडू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल रेस, तिच्यात रोजच्या स्टेजचा (टप्प्याचा) वेळ एकात एक मिळवत जातात, ज्याची बेरीज सगळ्यात कमी त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. 1989 ला 1 ते 23 जुलै, प्रोलॉग (सुरुवातीची छोटी टाइम ट्रायल) आणि 21 स्टेज, एकूण 3,285 किलोमीटर, 198 जण निघाले आणि 138 पॅरिसला पोचले. ग्रेग लेमाँडचा एकूण वेळ 87 तास 38 मिनिटं 35 सेकंद, आणि लोराँ फिन्यॉन त्याच्या 8 सेकंद मागे. टूरच्या इतिहासात पहिल्या-दुसऱ्यात इतकं कमी अंतर ना आधी कधी होतं ना नंतर. (तीन मोठ्या टूर धरल्या तर स्पेनच्या वुएल्टाला 1984 मध्ये एरिक कारितू 6 सेकंदांनी जिंकलाय, पण ते लोकांच्या लक्षात नाही, कारण तिथं शेवटच्या दिवशी असला तमाशा झाला नाही.)

दोघं कोण होते तेही बघा, कारण अर्धं उत्तर त्यात आहे. फिन्यॉन पॅरिसचा, चष्मा, मागे बांधलेली सोनेरी शेंडी, लोक त्याला प्रोफेसर म्हणायचे, 1983 आणि 84 च्या टूर त्याच्या नावावर, मधे दुखापतींनी काही वर्षं खाल्ली आणि 1989 ला तो परत जोरात आला, जूनमध्ये इटलीची जिरो जिंकूनच तो टूरला उतरला होता. लेमाँड अमेरिकन, 1986 ची टूर जिंकलेला, आणि 20 एप्रिल 1987 ला शिकारीला गेलेला असताना मेव्हण्याच्या बंदुकीतून चुकून सुटलेल्या छर्‍यांनी मरता मरता वाचलेला. कितीतरी छर्रे अंगात तसेच राहिले, हृदयाच्या आवरणात सुद्धा. 1989 च्या जिरोमध्ये तो डोंगरात इतका मागे पडायचा की शेवटी 39 वा आला. पण त्याच जिरोच्या शेवटच्या टाइम ट्रायलला तो दुसरा आला आणि फिन्यॉनला त्यानं मिनिटाहून जास्त मागे टाकलं. टूर सुरू व्हायला तीन आठवडे होते. ज्याला वाचता येत होतं त्याच्यासाठी इशारा तिथंच लिहिलेला होता.

आता वही.

प्रोलॉग लक्झेंबर्गमध्ये, 7.8 किलोमीटर. एरिक ब्रूकिंक जिंकला, फिन्यॉन आणि लेमाँड दोघं त्याच्या 6 सेकंद मागे, म्हणजे एकमेकांत शून्य. याच प्रोलॉगला आदल्या वर्षीचा विजेता पेद्रो देलगादो वॉर्मअपला गेला आणि स्टार्टला 2 मिनिटं 40 सेकंद उशिरा उगवला, त्याच्यावर खाली येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक स्टेज आणि दुपारी 46 किलोमीटरची टीम टाइम ट्रायल, म्हणजे अख्खी टीम एकत्र घड्याळाविरुद्ध. फिन्यॉनची सुपर यू टीम जिंकली. लेमाँडची एडीआर ही बेल्जियन टीम त्यामानाने फाटकी, 51 सेकंद मागे. हे 51 सेकंद लक्षात ठेवा, सगळे विसरतात ते हेच.

पाचवी स्टेज, दिनार ते रेन, एकट्याची टाइम ट्रायल, तब्बल 73 किलोमीटर. लेमाँड पहिल्यांदा ते पुढे आलेले यू आकाराचे बार, म्हणजे तुमच्या क्लबवाल्यांचे एअरो बार, लावून आला आणि जिंकला. फिन्यॉनला 56 सेकंदांनी मागे टाकलं. 56 वजा 51, लेमाँड 5 सेकंदांनी पुढे, पिवळी जर्सी त्याच्याकडे.

दहावी, पिरेनीज डोंगरात सुपरबान्येरचा चढ. फिन्यॉननं 12 सेकंद काढले, आता तो 7 नं पुढे. पंधरावी, ओर्सिएर-मेर्लेतची डोंगरातली 39 किलोमीटरची टाइम ट्रायल, लेमाँडनं 47 काढले, तो 40 नं पुढे. सोळावी, ब्रियांसों, लेमाँड आणखी 13, एकूण 53. पूर्ण टूरमध्ये दोघांतलं अंतर याच्यापेक्षा कधी वाढलंच नाही, विचार करा, तीन आठवडे आणि एक मिनिट सुद्धा नाही.

सतरावी, आल्प द्युएझ. 21 वळणांचा घाट, तेरा-चौदा किलोमीटर, सरासरी आठ टक्के चढ. इथं मी जरा थांबतो कारण माझ्या मते या टूरमधलं सगळ्यात शिकण्यासारखं काम या घाटात झालं आणि ते सायकलवरच्या माणसानं केलेलं नाही. फिन्यॉनचा डायरेक्टर होता सिरिल गिमार. हा गिमार आधी रेनोच्या टीममध्ये लेमाँडचा पण डायरेक्टर होता, त्याला पोरसवदा असल्यापासून बघितलेलं. लेमाँड थकला की सायकलवर कसा बसतो, खांदे कसे करतो, हे त्याला पाठ. मागून गाडीतून बघून त्यानं ओळखलं की हा संपलाय, आणि गाडी पुढे घेऊन फिन्यॉनला सांगितलं, आता जा. फिन्यॉन स्वतः सुद्धा फार शिल्लक नव्हता, थोडा वेळ तो गेलाच नाही, मग माथ्याला साधारण चार किलोमीटर असताना गेला. त्या चार किलोमीटरमध्ये 1 मिनिट 19 सेकंद! लेमाँडकडे 53 होते, आता फिन्यॉन 26 नं पुढे. पॉवर मीटर नाही, रेडिओ नाही, नुसत्या नजरेवर. पोरांच्या मागून स्कूटरवर जाताना मी अजून तेच बघतो, ज्याचं डोकं एका बाजूला झुकायला लागलं त्याचं पुढच्या दोन किलोमीटरमध्ये काहीतरी होणार हे नक्की.

अठरावी, व्हियार-द-लान्स, फिन्यॉन एकटा सुटून जिंकला, आणखी 24. एकूण 50 सेकंद पुढे. एकोणिसावी एक्स-ले-बेंला लेमाँड जिंकला पण फिन्यॉन सोबतच होता, फरक शून्य. विसावीला पण काही नाही. आणि मग 23 जुलै, रविवार, व्हर्साय ते शाँझेलिझे, 24.5 किलोमीटर टाइम ट्रायल. फ्रेंच राज्यक्रांतीला 200 वर्षं झाली म्हणून मुद्दाम व्हर्सायहून पॅरिसला आणलेला रस्ता. लेमाँड 26 मिनिटं 57 सेकंद, फिन्यॉन 27 मिनिटं 55. फरक 58. 58 वजा 50, आठ.

आता बेरीज करा. फिन्यॉननं कमावले 51, 12, 79, 24, एकूण 166. लेमाँडनं कमावले 56, 47, 13, 58, एकूण 174. ही रेस मी अशीच बघतो. शेवटच्या दिवशीचे 58 हा वहीतला एक आकडा आहे, शेवटी लिहिला गेला म्हणून डोळ्यात भरतो एवढंच. सुपरबान्येरला फिन्यॉननं 12 ऐवजी 21 काढले असते किंवा ब्रियांसोंला 13 दिले नसते तर पॅरिसला त्यानं काय घातलं होतं हे आज कुणी विचारलंही नसतं.

पण म्हणून हँडलबारची गोष्ट खोटी, असंही मी म्हणणार नाही, ते म्हणणारे पण बरेच भेटतात.

हवेचं गणित असं की ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढच्या वेगाला तुमची दहातली नऊ भाग ताकद हवा बाजूला करण्यातच जाते आणि हवा सगळ्यात जास्त अडते ती तुमच्या अंगाला, सायकलला कमी. दुसरं म्हणजे वेग एक टक्का वाढवायचा तर ताकद साधारण तीन टक्के जास्त लागते. फिन्यॉनचा वेळ 1,675 सेकंद. त्यातले 8 म्हणजे अर्धा टक्का वेग, म्हणजे दीड टक्का ताकद. समजा तो 400 वॉट मारत होता (समजा म्हणतोय, त्या वेळी मोजलेलं नाही), तर 6 वॉट. घरात जिन्यात आपण एलईडीचा बल्ब लावतो तेवढे. मागे उडणारी शेंडी, उघडं डोकं, रुंद धरलेले हात यातून 6 वॉट सुटले नसते का? सुटले असते. माझं मत विचाराल तर दोघांकडे एकसारखे बार असते तर त्या दिवशी फिन्यॉन 50 सेकंद राखून होता, टूर त्याची होती. नुसतं हेल्मेट घालून? बहुतेक तरीही. फक्त हे मी त्या एका दिवसापुरतं सांगतोय, कारण बार रेनला सुद्धा होतेच की, आणि तिथले 56 पण त्याच वहीत आहेत.

आणि बार काही लपवून आणलेले नव्हते हो. बून लेनन नावाचा अमेरिकन स्कीइंगचा कोच होता, उतारावर स्कीइंग करणारे हात पुढे जोडून अंग कसं गोळा करतात ते बघून त्यानं ते काढले, ट्रायथलॉनवाले काही वर्षं आधीपासूनच वापरत होते, अमेरिकन सेव्हन इलेव्हन टीमनं तर त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या एका स्टेज रेसमध्ये वापरले. रेनला लेमाँड सगळ्या जगासमोर ते लावून जिंकला. त्यानंतर पॅरिसपर्यंत अडीच आठवडे होते. युरोपातल्या टीमना ते ट्रायथलॉनवाल्यांचं खेळणं वाटलं, हा आपल्याकडच्यासारखाच "आमच्या वेळी असलं नव्हतं" टाइपचा हट्ट होता, आणि त्याची किंमत फिन्यॉननं मोजली. मला याचं वाईट वाटतं, पण चूक ती चूक.

गंमत म्हणजे फिन्यॉनकडे नवं सामान नव्हतं असंही नाही. त्याची दोन्ही चाकं डिस्कची होती (तारांऐवजी सपाट बंद चकती), लेमाँडनं फक्त मागे डिस्क लावली होती. म्हणजे सायकलवर खर्च फिन्यॉनच्याच बाजूला जास्त. पुढची डिस्क आडव्या वाऱ्यात हँडल ओढते, माणूस ते सावरायला खांदे आवळतो, आणि छाती वर येते. सामान बसवून अंग बिघडवायचा हा प्रकार मी दर वर्षी बघतो.

आता शरीराचं. एकोणिसाव्या स्टेजपासून फिन्यॉनला सीटच्या जागी गळू झालं होतं. हे वाचून लोक "हां, असेल थोडं दुखत" म्हणून पुढे जातात, म्हणून जवळून सांगतो. मला एका चार दिवसांच्या रेसमध्ये दुसऱ्या रात्री तिथंच केसतोड आला, हरभऱ्याएवढा. तिसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसल्याबरोबर डोळ्यातून पाणी. मग तुम्ही काय करता, नकळत एका बाजूला सरकून बसता, की दुसरा पाय जास्त वाकतो, कंबर तिरकी होते आणि दर दोन मिनिटांनी उभं राहावंसं वाटतं. घोळक्यात हे चालून जातं, चढावर तर उभं राहून चालवता येतं. टाइम ट्रायलमध्ये मात्र सीटच्या टोकावर सरकून, कंबर पुढे टाकून तसंच बसून राहायचं असतं, म्हणजे नेमका भार त्या हरभऱ्यावर. मी दर थोड्या वेळानं उभा राहिलो आणि दर वेळी वेग दोन-तीननं पडला. फिन्यॉन त्या अवस्थेत, रात्रीची झोप नीट नसताना, 52.6 च्या सरासरीनं गेला आणि त्या दिवशीच्या सगळ्या सायकलपटूंत तिसरा आला. पुढे फक्त लेमाँड आणि फिन्यॉनच्याच टीमचा थिएरी मारी, आणि मारी म्हणजे असल्या छोट्या टाइम ट्रायलचा स्पेशालिस्ट. त्याच्या मागे फिन्यॉन फक्त 25 सेकंद. तो त्या दिवशी खराब चालवला असं जे म्हणतात त्यांनी निकाल उघडून बघावा. फिनिश ओलांडून तो रस्त्यावरच कोसळला, शिल्लक काही ठेवलंच नव्हतं.

मग उरतो लेमाँड. 54.545 ची सरासरी! रस्ता थोडा उताराचा आणि वारा पाठीवर होता हे कबूल, पण ते दोघांनाही सारखंच. 50 सेकंद भरून काढायचे म्हणजे किलोमीटरमागे दोनहून जास्त. माझ्या अनुभवात तुल्यबळ दोघांत किलोमीटरमागे एक सेकंद हाच मोठा फरक, म्हणून त्या सकाळी जवळपास सगळ्यांनी फिन्यॉन जिंकला असंच धरलं होतं. लेमाँडनं त्याच्या डायरेक्टरला सांगितलं होतं की मला मधले टाइम देऊ नका, ऐकायचेच नाहीत. तिकडे फिन्यॉन दोन मिनिटं मागून सुटलेला, त्याला मात्र गाडीतून कळत होतं की फरक खाली येतोय. मी यावर पोरांशी खूप वाद घातलेत. काही पोरं अशी असतात की "चार सेकंद मागे आहेस" ऐकलं की त्यांच्यात वारं भरतं, आणि काही जण त्याच वाक्यावर पहिल्या दोन किलोमीटरमध्ये सगळं जाळून बसतात. तुम्ही कुठल्यातले ते तुम्हालाच माहीत, रेसच्या दिवशी शोधायला जाऊ नका.

देलगादोचं राहिलं. प्रोलॉगला तो 2 मिनिटं 54 सेकंदांनी शेवटचा, दुसऱ्या दिवशी टीम टाइम ट्रायलमध्ये त्याची टीम शेवटची आणि आणखी साडेचार मिनिटं खड्ड्यात. आणि शेवटी पॅरिसला तो तिसरा, लेमाँडच्या फक्त 3 मिनिटं 34 सेकंद मागे. म्हणजे पहिले दोन दिवस सोडून मोजलं तर तो लेमाँडपेक्षा जवळपास तीन मिनिटांनी फास्ट. लगेच कुणीतरी म्हणणार, मग खरा विजेता तोच! इथं मी हात वर करतो. सात मिनिटं मागे असलेल्या माणसाला पुढचे लोक जाऊ देतात, त्याच्या मागे कुणी जीव काढत नाही. तो वेळेवर आला असता तर पिरेनीजमध्ये त्याला इतकं मोकळं कुणी सोडलं असतं? एक आकडा बदलला की पुढची अख्खी वही वेगळी लिहिली जाते. मगाशी मी सुपरबान्येरच्या 21 सेकंदांचं बोललो त्यालाही हाच नियम लावा, मला सुद्धा सूट नाही.

शेवटच्या दिवशी टाइम ट्रायलनं टूर पलटणं याआधी 1968 ला झालं होतं, यान यान्सेननं हर्मन व्हान स्प्रिंगेलला 38 सेकंदांनी हरवलं होतं, 1989 पर्यंत तोच सगळ्यात कमी फरकाचा रेकॉर्ड. 1989 नंतर मात्र टूरचा शेवट टाइम ट्रायलनं व्हायला थेट 2024 उजाडलं, तेही पॅरिसमध्ये ऑलिंपिक होतं म्हणून शेवट नीसला नेला तेव्हा. 2020 ला स्लोव्हेनियाच्या पोगाचारनं शेवटून दुसऱ्या दिवशी 57 सेकंदांची पिछाडी भरून काढून वर 59 ची आघाडी घेतली, ती चढाची टाइम ट्रायल होती. लेमाँड पुढच्या महिन्यात शाँबेरीला वर्ल्ड चॅम्पियन झाला, 1990 ची टूर पण जिंकला. फिन्यॉन 2010 मध्ये कॅन्सरनं गेला, पन्नाशीतच. दोन टूर जिंकलेला माणूस, आणि लोक त्याला न जिंकलेल्या टूरवरून ओळखतात. त्या 8 सेकंदांत तो पॅरिसच्या त्या रस्त्यावर साधारण 117 मीटर गेला असेल, चौकातून पुढच्या चहाच्या टपरीपर्यंत.

आता तुमचे 11 सेकंद.

एअरो बार घ्यायचे की नाही हे परिस्थितीवर आहे आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. पहिलं, तुमच्या रेसच्या नियमात साधी रोड बाइक सक्तीची आहे का ते बघा, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी क्लिप-ऑनवाल्याला (साध्या हँडलवर एअरो बार बसवणाऱ्याला) वेगळ्या गटात टाकतात किंवा चालू देत नाहीत. दुसरं, रस्ता कसा. खड्डे, स्पीडब्रेकर, कुत्री, उलटा येणारा ट्रॅक्टर असला रस्ता असेल तर तुम्ही अर्धा वेळ बार सोडून ब्रेकवर हात ठेवून बसणार, म्हणजे पैसे वाया. तिसरं, तुमचा वेग. तुमची सरासरी 33-34 असेल तर फायदा होतो पण 54 वाल्याइतका नाही. चौथं, तुमची कंबर आणि मान. बार लावून माझ्याकडच्या एका पोराला 25 किलोमीटरला मिनिटभराचा फायदा झाला, आणि दुसऱ्याचा टाइम चक्क वाढला, कारण त्या पोझिशनमध्ये त्याचं पोट दाबलं जायचं आणि श्वासच पुरा घेता यायचा नाही. घेतलेच तर रेसच्या आदल्या आठवड्यात लावू नका, दीड-दोन महिने त्यावर लांबच्या राइड मारा.

घ्यायच्या आधी फुकटात होणारी एक टेस्ट सांगतो. आमच्या इथं एक सरळ, सौम्य उतार आहे, खाली सपाट. पहाटे वारा पडलेला असताना एका खुणेपासून पायडल न मारता सायकल सोडायची आणि जिथं थांबते तिथं खडूनं रेघ मारायची. एकदा नेहमीसारखं बसून, एकदा कोपर वाकवून डोकं खाली घालून, एकदा ढगळ जर्सी, एकदा घट्ट. प्रत्येक प्रकार तीनदा तरी, नाहीतर एक झुळूक आली की तुम्ही भलतंच समजाल. पोरं पहिल्यांदा करतात तेव्हा रेघांमधलं अंतर बघून गप्प होतात. एकदा एका पोराच्या पाठीवरचा रेसचा नंबर दोनच पिनांवर फडफडत होता, तो चार पिनांनी चापून बसवला तर रेघ दर वेळी पुढेच गेली. पिनांचा खर्च शून्य. हेल्मेटचंही तेच, आहे तेच नीट बसवा आणि मान खाली ठेवायची सवय करा. महागडं लांब शेपटीचं हेल्मेट घालून जो दर मिनिटाला खाली मीटर बघतो त्याची शेपटी आकाशात जाते आणि होता तो फायदाही जातो.

आणि सगळ्यात आधी, पैसे द्यायला कार्ड हातात येण्याआधीच, यू-टर्न. आपल्याकडच्या टीटी बहुतेक जाऊन-येऊन असतात, मध्ये एक कोन ठेवलेला आणि शेजारी शिट्टी घेऊन एक स्वयंसेवक. तिथं प्रत्येक जण ब्रेक मारतो, गिअर बदलायला विसरतो, जड गिअरमध्ये उभा राहून ढकलत बसतो. मोबाइल मित्राकडे द्या, कोनाच्या 50 मीटर आधीपासून ते परत आपल्या नेहमीच्या वेगाला येईपर्यंत व्हिडिओ घ्यायला सांगा, पाच वेळा करा आणि प्रत्येकाचे सेकंद लिहा. सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट, दोन्ही आकडे इथं टाका, मग बारचं बोलू.